बिल्यादिएगोची विजार आणि इतर भानगडी

डॉन किहोते आणि सांचो पान्सा यांच्याबद्दल नव्याने सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. मालक ग्रंथांच्या भाषेत बोलतो, चाकर म्हणींशिवाय तोंड उघडत नाही, आणि मालक त्यावरून त्याला वरचेवर झापतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. 1605 आणि 1615 अशा दोन हप्त्यांत आलेल्या सेर्वान्तेसच्या त्या कादंबरीमुळे स्पॅनिश म्हणजे म्हणी-वाक्प्रचारांची खाण, असा लौकिक झाला. तो खोटा नाही. पण ही खाण उपसण्यात ज्यांची हयात गेली, त्या विद्वानांच्या गोटात काय काय घडलं, ते सत्काराच्या भाषणांत येत नाही. मी त्या गोटात बरीच वर्षं वावरले आहे. ग्रंथालयांतली धूळ खाल्ली, परिषदांमधली गार कॉफी प्यायले, आणि कॉफीच्या रांगेत लोक एकमेकांबद्दल जे बोलतात ते कान देऊन ऐकलं. तर ही ती अनधिकृत आवृत्ती.

सुरुवात विजारीपासून करू. कुणी संधी साधून पोबारा केला, की स्पेनमध्ये म्हणतात, त्याने 'बिल्यादिएगोच्या घेतल्या'. काय घेतल्या? तर विजारी. 15व्या शतकाच्या अखेरीस आलेल्या 'ला सेलेस्तिना'मध्ये विजारींचा उल्लेख स्वच्छ आहे. पण हा बिल्यादिएगो कोण? सेबास्तियान दे कोवार्रुबियासने 1611 साली स्पॅनिशचा पहिला मोठा एकभाषिक कोश काढला. त्यात तो प्रामाणिकपणे सांगतो, की याचा उगम कळत नाही. आणि त्याच दमात पुढे म्हणतो, की बिल्यादिएगो नावाचा कुणी अडचणीत सापडला असावा, विजार चढवायला सवड मिळाली नसावी, म्हणून ती हातात धरूनच पळाला असावा. आमच्या शास्त्राची सगळी कार्यपद्धती या एका नोंदीत आली आहे: आधी 'माहीत नाही' म्हणायचं, मग सांगून टाकायचं. पुढच्या पिढ्यांनी बुर्गोस प्रांतातलं बिल्यादिएगो गाव शोधलं, तिथल्या ज्यूंना राजाने दिलेलं संरक्षण पुढे केलं. चारशे वर्षांत तर्क वाढत गेले. विजार अजून कुणाच्या हाती लागलेली नाही.

याच कोवार्रुबियासची दुसरी गंमत कोश उघडताच दिसते. कोश हाती घेतला तेव्हा वय झालेलं, प्रकृती तोळामासा. पहिल्या दोन-तीन अक्षरांवर त्याने सढळ हाताने पानं खर्च केली. आठवणी, किस्से, वाक्प्रचार, जे सुचेल ते घातलं. मग आपण जिवंत असेतो हे पुरं होतं की नाही, अशी धास्ती पडली आणि हात आखडला. कोश छापून निघाल्यावर दोन वर्षांत तो गेलाच. परिणाम असा, की 'ए', 'बी', 'सी'ने सुरू होणाऱ्या शब्दांभोवतीचे वाक्प्रचार गुबगुबीत आणि पुढचे अंगाने रोड. आमच्यातले जाणते लोक विद्यार्थ्याला प्रबंधाचा विषय सुचवताना भाषाशास्त्र वगैरे बाजूला ठेवून हळूच विचारतात, ''अक्षर कितवं आहे?''

म्हणी गोळा करण्याचा पहिला मान मार्केस दे सांतिल्याना या सरदाराकडे जातो. संग्रहाचं नावच मोठं गोड आहे: म्हाताऱ्या चुलीपाशी बसून ज्या म्हणी सांगतात त्या. आता पडद्यामागचं. हा संग्रह सेव्हिलमध्ये 1508 साली छापला गेला, आणि सरदारसाहेब 1458 मध्येच वारले होते. पन्नास वर्षांनी एखाद्या छापखान्यातून पुस्तक बाहेर पडतं आणि त्यावर मोठ्या माणसाचं नाव असतं, तेव्हा त्यात खपाचा विचार किती आणि सत्य किती, हे विचारू नये. ते त्यांनीच जमवलं का, यावर अभ्यासक अजून एकमताचे नाहीत. एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे, की म्हणी म्हाताऱ्यांच्या होत्या. त्यांचं नाव घालावं असं कुणालाच वाटलं नाही.

पुढचा मोठा मासा म्हणजे सालामांकाचा ग्रीकचा प्राध्यापक एर्नान नून्येस. ग्रीक-लॅटिनमधला दबदबा असा, की लोक त्याला नुसतं 'ग्रीक कमांडर' म्हणत. या माणसाने उतारवयात बाजारी म्हणी जमवण्याचा नाद लावून घेतला. सहकाऱ्यांना ते मुळीच रुचलं नव्हतं. ग्रीक शिकवणाऱ्याने भाजीवालीची भाषा टिपायची म्हणजे काय! 1553 मध्ये नून्येस गेला आणि आठ हजारांवर म्हणींचा संग्रह 1555 साली निघाला. प्रस्तावना लिहायचं काम लेओन दे कास्त्रो या पंडिताच्या गळ्यात पडलं. प्रस्तावना वाचली, की कळतं: लिहिणाऱ्याचा उत्साह बेताचाच आहे, आणि हे पुस्तक लॅटिनमध्ये असतं तर बरं झालं असतं, असा भाव ओळीओळीत आहे. पुस्तकावर प्रेम नसलेल्याने प्रस्तावना लिहावी, ही प्रथा तेव्हापासूनची.

पण कास्त्रोला सोडू नका, त्याचा खरा प्रवेश पुढे आहे. याच सालामांका विद्यापीठात कवी आणि धर्मशास्त्री फ्राय लुइस दे लेओन शिकवत होता. त्याच्याविरुद्ध इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाकडे कागाळ्या करणाऱ्यांत आपला प्रस्तावनाकार आघाडीवर होता. 1572 ते 1576 फ्राय लुइस कैदेत राहिला. सुटून परत आला, वर्गात उभा राहिला आणि जणू मधली वर्षं घडलीच नाहीत अशा थाटात 'काल आपण म्हणत होतो...' असं म्हणून शिकवायला लागला, ही गोष्ट जगजाहीर आहे. स्पॅनिशमध्ये ते दोन शब्द आता वाक्प्रचार होऊन बसले आहेत. हद्दपारीतून परतलेल्या लेखक उनामुनोनेही 1930 साली ते वापरले म्हणतात. सालामांकात तो वर्ग अजून दाखवतात, लाकडी बाकांसकट, आणि वाटाडे आवाज खाली आणून ते दोन शब्द उच्चारतात. आता अडचण अशी, की प्रसंगाला हजर असलेल्या एकानेही ते लिहून ठेवलेलं नाही. छापील नोंद मिळते 1623 ची, तीही एका परदेशी ऑगस्टिनियन धर्मगुरूच्या पुस्तकात. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे फ्राय लुइसने आपल्या जुन्या अध्यासनावरचा हक्क सोडला होता आणि त्याला नवं व्याख्यातेपद मिळालं होतं. म्हणजे विषय नवा, वर्ग नवा. 'काल' काही म्हणायची सोयच नव्हती.

सेव्हिलचा शाळामास्तर हुआन दे माल लारा यालाही इन्क्विझिशनने 1561 मध्ये काही महिने आत टाकलं होतं. धर्माविरुद्धच्या काही पद्यांचा कर्ता तोच असावा, असा संशय. सुटल्यावर त्याने निरुपद्रवी विषय निवडला: म्हणी. 1568 साली त्याने हजार म्हणींवर भलंमोठं भाष्य छापलं. भाष्य रसाळ आहे. फक्त म्हणींचा बराचसा माल नून्येसच्या दुकानातला आणि विद्वत्तेचा बराचसा माल एरास्मसच्या 'अडाजिया'मधला, हे शोधून काढायला आमच्या लोकांना फार कष्ट पडले नाहीत. यावर कॉफीच्या रांगेत एका ज्येष्ठांनी दिलेला निकाल मला पटतो: ''म्हण चोरता येत नाही. पण म्हणीचा संग्रह चोरता येतो.''

आता आमच्या पंथाचे अधिदैवत, गोन्सालो कोर्रेआस. हाही सालामांकाचाच, ग्रीक आणि हिब्रूचा प्राध्यापक. दंतकथा अशी, की बाजाराच्या दिवशी हा नदीच्या पुलावर खुर्ची टाकून बसे आणि आपल्या यादीत नसलेली म्हण सांगणाऱ्या शेतकऱ्याला एक नाणं देई. प्रत्येक प्रास्ताविकात ही गोष्ट हसतमुखाने सांगतात. कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही, की नाणं मिळतंय म्हटल्यावर त्या शेतकऱ्यांनी पूल ओलांडता ओलांडता किती म्हणी जागच्या जागी पाडल्या असतील? कोर्रेआसच्या काही म्हणी त्याच्याआधी कुठे सापडत नाहीत आणि त्याच्यानंतरही कुणाच्या तोंडी ऐकू येत नाहीत. मी तेवढंच सांगते.

कोर्रेआसचं दुसरं वेड होतं शुद्धलेखन. एका ध्वनीला एकच अक्षर हवं, म्हणून 'सी' आणि 'क्यू' हद्दपार करून सगळीकडे 'के' घाला, असा त्याचा हट्ट. 1630 च्या पुस्तकाच्या नावातच त्याने 'कास्तेल्याना' हा शब्द 'के'ने लिहिला; स्वतःचं आडनावही तसंच. दुसऱ्याच वर्षी तो वारला. म्हणींचं बाड 1627 मध्ये तयार होतं, ते छापायला स्पॅनिश भाषेच्या रॉयल अकादमीला 1906 साल उजाडलं. पावणेतीनशे वर्षांनी पुस्तक आलं, ते अकादमीच्या नेहमीच्या शुद्धलेखनात. एकूण एक 'के' काढून टाकलेले! ते परत बसवले 1967 मध्ये लुई कोंबे या फ्रेंच माणसाने, बोर्दोहून. विद्वानांनी त्या आवृत्तीचं कौतुक केलं आणि वाचायला अवघड म्हणून कुरकुरही केली. इकडे आजची स्पॅनिश पोरं मोबाईलवर 'क्यू' टाळून सर्रास 'के' लिहितात आणि त्यांचे मास्तर कपाळावर हात मारतात. कोर्रेआस हयात असता, तर नापास मास्तरांना केलं असतं.

कोर्रेआस छापून आला, आणि वीस वर्षांत त्याला प्रतिस्पर्धी उभा राहिला. फ्रान्सिस्को रोद्रिगेस मारिन, मूळचा ओसुना गावचा वकील. घशाच्या दुखण्याने आवाज गेल्यासारखा झाला आणि वकिली सुटली. मग हा गृहस्थ लोकांच्या तोंडचे शब्द टिपत बसला. पुढे माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक झाला. 1926 च्या त्याच्या ग्रंथाचं नाव वाचा: 'मास्तर गोन्सालो कोर्रेआस यांच्या विपुल संग्रहात नसलेल्या 21,000 हून अधिक कास्तिलियन म्हणी'. सज्जन माणूस मेलेल्या मास्तरला मुखपृष्ठावर असा चिमटा काढत नाही. 1930 मध्ये आणखी 12,600. 1934 मध्ये 'माझ्या शेवटच्या वेचणीतल्या 6,666'. मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला, मासिकांतून समारोपाची परीक्षणं आली. 1941 साली नवा खंड निघाला, त्याचं नाव 'अजून 10,700 म्हणी'. तेव्हा त्याचं वय 86 होतं.

पन्नास हजार म्हणी एका माणसाने जमवल्या म्हटल्यावर दुसरा स्वस्थ कसा बसेल? लुइस मार्तिनेस क्लेइसेरने 1953 मध्ये विषयवार लावलेल्या 65,083 म्हणींचा ग्रंथ काढला. आमच्यात या आकड्याला कुणी नावं ठेवत नाही, कारण मोजून बघायला कुणाला वेळ नाही. एका म्हणीत 'गाढव' आणि दुसरीत 'खेचर' एवढाच फरक असला, तर त्या दोन म्हणी धरायच्या की एक, यावर मी एका परिषदेत दोन वयस्कर गृहस्थांना जेवणाची वेळ टळेपर्यंत भांडताना पाहिलं आहे. शेवटी दोघांचं एकमत झालं, की दोष संयोजकांचा, कारण जेवण गार झालं होतं.

व्याख्येचं भांडण त्याहून जुनाट. वाक्प्रचार कुठे संपतो आणि म्हण कुठे सुरू होते, याच्या पायऱ्या हुलिओ कासारेसने 1950 च्या ग्रंथात आखून दिल्या. हा अकादमीचा सचिव. पण तरुणपणी माद्रिदच्या तेआत्रो रेआलच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा, आणि जपानी शिकून टोकियोच्या वकिलातीतही राहून आला होता. तेव्हापासून प्रत्येक प्रबंधाचं पहिलं प्रकरण कासारेसच्या पायऱ्या दुरुस्त करण्यात जातं. दर पिढीत नवी वर्गवारी निघते, नवी संज्ञा निघते. परीक्षक ते प्रकरण चाळतात आणि दुसऱ्यापासून वाचतात. हे विद्यार्थ्यांना ठाऊक असतं, म्हणून तेही ते शेवटच्या रात्री लिहितात.

लोकांना हवा असतो उगम, आणि तो पुरवला होसे मारिया इरिबारेन या नवार्‍रातल्या वकिलाने. 1955 चं त्याचं 'वाक्प्रचारांमागचं कारण' आजही स्पॅनिश घरांत दिसतं. तो या वाटेला वळला त्यामागे एक भानगड आहे. 1936 मध्ये तो बंडखोर जनरल मोलाचा चिटणीस होता. जवळून पाहिलेलं सगळं त्याने हौसेने लिहिलं आणि 1937 मध्ये छापलं. सेन्सॉरने आधी मंजुरी दिली; मग वरच्यांच्या लक्षात आलं, की चिटणिसाने जरा जास्तच पाहिलंय. पुस्तक बाजारातून उचललं गेलं आणि लेखकाच्या जिवावर बेतलं. त्यानंतर इरिबारेनने जिवंत सेनापतींचा नाद सोडला आणि लोककथा, बोली, वाक्प्रचार असे कुणाला न दुखावणारे विषय धरले. त्याच्या ग्रंथात 'चादर ओढणे', म्हणजे झाकलेलं उघडं पाडणे, याचाही उगम आहे. 17व्या शतकाच्या सुरुवातीला तुदेलाच्या कॅथेड्रलमध्ये बाटलेल्या ज्यूंच्या घराण्यांची नावं लिहिलेलं एक कापड टांगलेलं असे, त्याला 'मान्ता', म्हणजे चादर म्हणत. उगम दिमाखदार आहे, कापडही खरं आहे. फक्त कुणाच्या अंगावरची चादर ओढायला तुदेलापर्यंत जावं लागत नाही. आणि हो, इरिबारेन तुदेलाचाच.

'सेव्हिलला गेला तो खुर्चीला मुकला' ही म्हण स्पेनमधली पोरं बाकावरची जागा बळकावताना ओरडतात. मागची गोष्ट 15व्या शतकातली. सेव्हिलचा आर्चबिशप आलोन्सो दे फोन्सेका आणि त्याच नावाचा त्याचा पुतण्या. पुतण्याला सान्तियागोची गादी मिळाली, पण तिकडे दंगे. काका म्हणाला, मी जाऊन निस्तरतो, तोवर तू सेव्हिल सांभाळ. काकाने निस्तरलं, परत आला, आणि पुतण्या गादीवरून उठेना! राजापासून पोपपर्यंत सगळ्यांना मध्ये पडावं लागलं. काका-पुतण्याच्या राजकारणाची आपल्या वाचकांना फोड करून सांगायला नको. पण बारकाईने पाहा: खुर्ची गेली ती सेव्हिल'हून' गेलेल्याची, म्हण सांगते सेव्हिल'ला' गेलेल्याची. एका शब्दयोगी अव्ययाने ध चा मा केला आणि दोष भलत्याच्या माथी आला. आनंदीबाईंच्या प्रांतातून आलेली असल्याने मला त्यात नवल वाटलं नाही.

पुन्हा किहोते. चर्चची सत्ता आडवी आली, की स्पॅनिश पुढारी आणि संपादक सुस्कारा टाकून सेर्वान्तेसचा दाखला देतात: चर्चशी गाठ पडली, सांचो! दुसऱ्या भागाच्या नवव्या प्रकरणात दोघं रात्रीच्या अंधारात एल तोबोसो गावात किहोतेची मनातली प्रेयसी दुल्सिनेआ हिचा राजवाडा धुंडाळतायत. समोर काळा आकार दिसतो, जवळ जातात तर ते गावचं चर्च. बस्स, एवढंच. टीका नाही, बंड नाही, पत्ता चुकलाय. शिवाय लोक म्हणतात ते क्रियापदही मूळचं नाही. पुस्तकात साधं 'दादो' आहे, लोकांनी 'तोपादो' केलं. आणि 'कुत्री भुंकतायत सांचो, म्हणजे आपण पुढे चाललोय' हे तर कादंबरीत कुठेच नाही. हे आमच्यातला प्रत्येक जण वर्षातून एकदा तरी वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवतो. पत्र छापलं जातं. शेजारच्या रकान्यात कुठला तरी पुढारी भुंकणाऱ्या कुत्र्यांचा दाखला देत असतो.

हल्ली लढाई संगणकावर असते. अकादमीचा 'कोर्दे' हा ऐतिहासिक संग्रह सुमारे 25 कोटी शब्दांचा. त्यात वाक्प्रचार टाका, सर्वांत जुनी नोंद उचला, निबंध तयार. 'पहिली नोंद' ही आमच्यातली शर्यत आहे. दुसऱ्यापेक्षा चाळीस वर्षं मागे गेलात, की कारकीर्द पुढे जाते. एका परिषदेत एक तरुण अभ्यासक 13व्या शतकातली नोंद घेऊन उभा राहिला. पडद्यावर लाल अक्षरांत साल. सभागृहात शांतता. मागच्या रांगेतून एका बाईंनी चष्मा पुसत विचारलं, ''ग्रंथ तेराव्या शतकातला. प्रत कधीची?'' प्रत निघाली पंधराव्या शतकातली, आणि तो वाक्प्रचार नेमका नक्कलकाराने घुसडलेला, कारण जुन्या प्रतीत तिथे वेगळंच वाक्य. तरुण खाली बसला. पुढच्या वर्षी बाईंचा निबंध आला: त्याच वाक्प्रचाराची पहिली खात्रीलायक नोंद, पंधरावं शतक, तीच प्रत.

इबेरियाच्या या कारभारात आपलंही एक माणूस होतं. गोव्यातल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो, मुक्काम लिस्बन. दोन्ही पाय कापावे लागलेले, तरी कोकणी म्हणींचा संग्रह त्यांनी पुरा केला. 1922 साली तो कोइम्ब्रात निघाला आणि त्याच वर्षी ते गेले. म्हणींच्या शेजारी आशियाई आणि युरोपीय म्हणी लावून पाहिल्या आहेत. स्पॅनिश मंडळी अकादमीच्या दारात एकमेकांचे आकडे मोजू लागण्याआधीच चाकाच्या खुर्चीतला हा पाद्री आसगावच्या म्हाताऱ्यांना युरोपच्या पंगतीला बसवत होता. लिस्बन ते माद्रिद अंतर फार नाही. माझ्या पाहण्यातल्या स्पॅनिश ग्रंथसूचींना ते अजून ओलांडता आलेलं नाही.

व्यंगकार केवेदोला हे सगळं आधीच कळलं होतं. मृत्यूवरच्या आपल्या स्वप्नकथेत त्याने वाक्प्रचारांतली माणसं परलोकात उभी केली आणि त्यांना तक्रार करायला लावली: आमची नावं जिवंतांनी किती खराब केली! त्यांत हुआन देल एन्सिना आहे. स्पॅनिश नाटकाच्या आद्य पुरुषांपैकी एक, उत्तम संगीतकार. पण एकदा गंमत म्हणून निरर्थक ओळींची कविता केली आणि 'एन्सिनाचा मूर्खपणा' हा वाक्प्रचार कायमचा चिकटला. नाटकं विसरली गेली.

आता राहिलं माझं गाऱ्हाणं. कुणी मुद्दा सोडून भरकटला, की तो 'उबेदाच्या टेकड्यांत गेला' म्हणतात. कथा अशी, की तिसऱ्या फर्नांदो राजाने उबेदाला वेढा घातला तेव्हा एक सरदार ऐन लढाईतून गायब झाला, सगळं आटोपल्यावर उगवला आणि म्हणाला, टेकड्यांत वाट चुकलो. या कथेला समकालीन पुरावा नाही, यावर मी एक लांबलचक निबंध लिहिला. पहिल्या पानावर कथा दिली, जरा रंगवूनच, कारण वाचकाला ओढून घ्यायचं होतं. पुढची सगळी पानं खंडनाची. काही काळाने एका नव्या पुस्तकात तीच कथा वाचली, सरदार, टेकड्या, लटकी सबब, सगळं सत्यघटना म्हणून, आणि खाली आधार म्हणून माझ्या निबंधाची तळटीप. संदर्भ तपासला. नाव बरोबर, साल बरोबर, पान क्रमांकही बरोबर: पहिलं.